हस्तलिखित आणि टंकलिखित खाजगी पत्र : नाहूर परिसराच्या संदर्भात

खाजगी पत्र हाताने लिहावे की टंकलिखित करावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा आत्मीयतेच्या अंगाने केली जाते. हस्ताक्षरात लेखकाचे व्यक्तिमत्त्व उतरते, टंकलेखनात ते हरवते, असे साधारणतः मानले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी करावयाची आहे.

मध्य रेल्वेवर भांडुप व मुलुंड यांच्या दरम्यान वसलेल्या नाहूरच्या आसपास, विशेषतः लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने, एकेकाळी कारखान्यांची दाट रांग होती. तेथील कामगारांत कोकणातून व घाटावरून आलेल्यांचा भरणा मोठा होता. अशा चाकरमान्यांचा गावाशी असलेला लेखी संबंध प्रामुख्याने पोस्टकार्ड आणि मनिऑर्डर यांतून चाले. मनिऑर्डरच्या फॉर्मवर संदेशासाठी जेमतेम दोन-चार ओळींची जागा असे. 'तीर्थरूप', 'साष्टांग नमस्कार', 'वि. वि.' हा मायना घातला की निम्मी जागा संपे. अक्षरशत्रू कामगार हा मजकूर शेजाऱ्याकडून वा पोस्टाबाहेर बसणाऱ्या लेखनिकाकडून लिहून घेई आणि गावी तो दुसराच कोणी वाचून दाखवी. म्हणजे पत्र हस्तलिखित खरे, परंतु हस्ताक्षर परक्याचे. तरीही ते पाठवणाऱ्याचेच मानले जाई, ही बाब आत्मीयतेचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी लक्षात घ्यावयास हवी.

टंकलेखन यंत्रही या परिसराला परके नव्हते. ज्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने 1955 मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले, तिची विक्रोळीची वसाहत नाहूरपासून तिसऱ्याच स्थानकावर आहे. मात्र यंत्र कचेरीत राहिले, घरात आले नाही. किंमत हे त्याचे एक कारण, आणि देवनागरीच्या जोडाक्षरांना व रफाराला मोजक्या कळांत बसविण्याची अडचण हे दुसरे. परिणामी टंकलिखित पत्र म्हणजे नेमणूक, ताकीद किंवा बडतर्फी, असा अर्थ कामगाराच्या मनात रुजला असावा. टंकाक्षराबद्दलचा दुरावा हा यंत्राचा गुण नव्हे. तो या सहवासातून आलेला दिसतो.

वाङ्मयीन पत्रव्यवहाराचे उदाहरणही येथे उद्बोधक ठरते. जी. ए. कुलकर्णी यांची निवडक पत्रे आणि सुनीता देशपांडे यांचे 'प्रिय जी. ए.' ही पुस्तके बहुसंख्य वाचकांनी मुद्रित रूपातच वाचली. मूळ अक्षर न पाहताही त्यांतील जिव्हाळा वाचकांपर्यंत पोहोचला. अर्थात खाडाखोड, समासात कोंबलेली ओळ, घाईत तिरके गेलेले अक्षर हे सारे मुद्रणात नष्ट होते. अभ्यासकाच्या दृष्टीने ही हानी लहान नाही.

2008 मध्ये टपाल खात्याने इलेक्ट्रॉनिक मनिऑर्डर सुरू केली. तीत संदेश लिहावयाचा नसून ठरावीक संदेशांच्या यादीतून सांकेतिक क्रमांक निवडावयाचा होता. जुनी मनिऑर्डर 2015 मध्ये बंद झाली. लेखनिकाचे अक्षर परके असले तरी 'म्हैस व्याली का ते कळवणे' हे वाक्य पाठवणाऱ्याचे असे. यादीत अशा वाक्याला क्रमांक नव्हता.