सिगारचा ओलावा आणि घरचा डबा

क्युबाबरोबरच्या व्यापारबंदीच्या हुकुमावर सही करण्यापूर्वी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांना क्युबन सिगार जमवायला पाठवले होते. फेब्रुवारी १९६२ मधील ही गोष्ट. सॅलिंजर १२०० सिगार घेऊन आले आणि मगच अध्यक्षांनी सही केली, असे पुढे खुद्द सॅलिंजर यांनीच सांगितले. इतका साठा काही दोन-चार दिवसांत संपत नाही. नीट ठेवलेली सिगार वर्षानुवर्षे टिकते. उघड्यावर राहिलेली मात्र काही दिवसांतच कामातून जाते.

याचे कारण तंबाखूच्या पानात आहे. हे पान हवेतील ओलावा शोषते आणि सोडतेही. सिगारसाठी ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि २० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान उत्तम मानले जाते. हवा याहून फार कोरडी असेल तर बाहेरचे नाजूक पान तडकते, सुगंधी तेले उडून जातात आणि धूर तिखट लागतो. दमट हवेत आतले पान फुगते, सिगार धड पेटत नाही आणि शेवटी तिला बुरशी लागते.

यासाठी ‘ह्युमिडॉर’ नावाची पेटी मिळते. तिच्या आत ‘स्पॅनिश सीडर’चे अस्तर असते. हे झाड नावापुरतेच सीडर. प्रत्यक्षात ते आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. पेटी महाग असते, पण तिचे काम घट्ट झाकणाचा, वास नसलेला प्लास्टिकचा डबा किंवा काचेची बरणीही करू शकते. मात्र लोणच्याची किंवा मसाल्याची जुनी बरणी नको. तो वास पान लगेच धरते. सिगारच्या खोक्यातील लाकडाची पातळ पट्टी डब्यात ठेवल्यास चांगले.

खरा प्रश्न आर्द्रता राखण्याचा आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेला स्पंज हा जुना उपाय. पण लहान, घट्ट डब्यात तो ओलावा वाढवतच राहतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर हवाच ओलीचिंब असते. उलट, सिलिका जेलची कोरडी पुडी सगळा ओलावा ओढून घेते. त्यापेक्षा ठरावीक आर्द्रतेच्या तयार पुड्या सोयीच्या. त्यांत क्षारांचे संपृक्त द्रावण असते. ते गरजेप्रमाणे बाष्प देते आणि परतही घेते.

डब्यात आर्द्रतामापक ठेवावा आणि आधी तो तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोड्या पाण्याने ते ओलसर करावे. विरघळू देऊ नये. झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात दिवसभर ठेवावेत. आकडा ७५ यायला हवा. जितका फरक पडेल, तितका पुढच्या नोंदींत धरावा.

फ्रिज ही सिगार ठेवण्याची जागा नव्हे. तिथली हवा कोरडी असते आणि लसणापासून फणसापर्यंत सारे वास तिथे नांदतात. अपवाद एकच. हळद-धण्यांत पडणारा छोटा तपकिरी भुंगेरा तंबाखूतही होतो आणि उष्ण हवेत त्याची अंडी उबतात. पानाला टाचणीएवढी भोके दिसली, तर सिगार दुहेरी पिशवीत बंद करून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि त्यानंतरच बाहेर काढाव्यात. घाई केल्यास पान फाटते.

वाळलेली सिगारही सावकाश, काही आठवड्यांत ओलाव्यावर आणावी. उडून गेलेला सुगंध मात्र परत येत नाही. बुरशी लागलेली सिगार सरळ फेकून द्यावी.

एक गोष्ट कोणत्याही डब्याने बदलत नाही. धूर छातीत न ओढताही सिगारमुळे तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग होऊ शकतो. भेट म्हणून आलेले खोके जपून ठेवावे; ते संपवलेच पाहिजे असे नाही.