अर्धा दगड, अर्धा चुना

दोस्तांनो, फुलंब्रीहून संभाजीनगरला गेलात की बीबी का मकबरा बघताच ना? औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये वारली, तिची ही कबर. पुढच्या वेळी घुमटाकडे धावू नका. भिंतीजवळ उभे राहा आणि नजर खालून वर न्या. खालचा पट्टा संगमरवराचा. त्याच्या वर संगमरवर संपतो! आत आहे आपला काळा दगड, बेसॉल्ट. त्यावर चुन्याचा पांढरा गिलावा आणि त्या गिलाव्यातच घडवलेली नाजूक वेलबुट्टी. घुमट मात्र पुन्हा संगमरवरी.

हा संगमरवर आला जयपूरकडच्या खाणींतून. टॅव्हर्निअर नावाच्या फ्रेंच प्रवाशाला वाटेत तो वाहून नेणाऱ्या सुमारे 300 गाड्या दिसल्या होत्या. सगळ्यात लहान गाडीलाही 12 बैल!

लोक म्हणतात, ही ताजमहालाची स्वस्तातली नक्कल. मला ते मुळीच पटत नाही. चुन्याची करामत ऐका तर खरं.

चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरते चुनकळी. तिच्यावर पाणी ओता, ती चरचरते, वाफा सोडते, फुटून पांढरीशुभ्र भुकटी होते. (हे लांबूनच बघायचं, डोळ्यांत गेलं तर फार वाईट.) हा विरवलेला चुना वाळूबरोबर मळून भिंतीवर चढवतात. ओला असेपर्यंत कारागिरानं हवं ते फूल काढावं. मग गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा होतो कॅल्शियम कार्बोनेट. आणि संगमरवर कशाचा? कॅल्शियम कार्बोनेटचाच!

ही युक्ती ग्रीक कारागिरांनाही ठाऊक होती. ग्रीसमधल्या व्हर्जिना गावी 1977 मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांना मातीच्या प्रचंड टेकाडाखाली मॅसेडोनियाच्या राजघराण्याची, चोरांच्या हाती न लागलेली कबर सापडली. जवळजवळ 2300 वर्षांपूर्वीची. तिच्या दर्शनी भागाचा दगड साधाच, पण वर गुळगुळीत गिलावा, त्यावर रंग, आणि माथ्यावर शिकारीचं लांबलचक चित्र.

आता तुमची पाळी. नांगरलेल्या काळ्या रानात पांढरे खडे सापडतात, तीच चुनखडी. एका खड्यावर लिंबू पिळा आणि डोळे जवळ नेऊन बघा: बारीक बुडबुडे! खड्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय. मकबऱ्याच्या भिंतीवर मात्र हा प्रयोग चुकूनही नको. आम्ल गिलावाही खातं आणि संगमरवरही.