विश्लेषण : रीलवरचे ‘स्टोइक’ खरे काय शिकवत? अमळनेर-धुळ्याच्या अनुभवातून ते कसे उलगडते?

मार्कस ऑरेलियस आणि एपिक्टेटस यांची वचने आज मोबाइलवर रोज फिरतात. प्रत्यक्षात ग्रीक तत्त्वज्ञांच्या शाळांत वचनांपेक्षा दिनक्रम मोठा होता. काय खावे, कोणाशी मैत्री करावी, देवाकडे काय मागावे आणि मरणाला कसे सामोरे जावे, हे तिथे शिकवले जाई. तत्त्वज्ञान असे ‘राहून’ शिकण्याचे दोन प्रयोग विसाव्या शतकात खान्देशातही झाले.

खान्देशचा या विषयाशी संबंध काय?

ग्रीस आणि खान्देश यांचा थेट ऐतिहासिक धागा दाखवता येत नाही. मात्र एक प्रश्न दोन्हीकडे सारखा दिसतो. तत्त्वज्ञान पुस्तकातून शिकायचे, की कोणाच्या तरी सहवासात राहून?

अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था उभी केली. तत्त्वज्ञान मंदिर या नावाने ती ओळखली जाऊ लागली. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. एक जागा शेठजींच्या देणगीवर उभी राहिली, तर दुसरी सरकारच्या कैदेत. ग्रीक शाळा काय होत्या, हे समजून घ्यायला ही दोन्ही उदाहरणे उपयोगी पडतात.

ग्रीक ‘शाळा’ म्हणजे नेमके काय?

वर्ग, फळा आणि परीक्षा असे चित्र इथे लागू पडत नाही. प्लेटोने इ.स.पू. ३८७च्या सुमारास अथेन्सबाहेर अकादमी सुरू केली. अॅरिस्टॉटलची लायसियम इ.स.पू. ३३५च्या सुमाराची. एपिक्युरसने इ.स.पू. ३०६च्या आसपास अथेन्समध्ये घेतलेली जागा ‘बाग’ म्हणूनच प्रसिद्ध झाली. सायप्रसहून आलेला झेनो इ.स.पू. ३००च्या सुमारास बाजारचौकातील चित्रे रंगवलेल्या ओसरीत शिकवू लागला. ओसरीला ग्रीक शब्द ‘स्टोआ’, त्यावरून त्याचे अनुयायी ‘स्टोइक’.

या प्रत्येक ठिकाणी माणसे एकत्र येत, बोलत आणि बहुतेकदा एकत्र जेवत. शाळा निवडणे म्हणजे जगण्याची रीत निवडणे, असाच त्याचा अर्थ घेतला जाई. आपल्याकडच्या संप्रदायाच्या कल्पनेशी हे बरेच जुळते.

नियम किती कडक होते?

सर्वांत कडक शिस्त पायथागोरसच्या मंडळात होती. भूमितीच्या प्रमेयामुळे त्याचे नाव शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पण इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीतील क्रोटोन येथे त्याने उभारलेले मंडळ धार्मिकही होते. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, असे ही मंडळी मानत. म्हणून मांसाहारावर बंधने होती. शेंगांतील विशिष्ट दाणे खाणेही वर्ज्य असे. नव्या शिष्याने दीर्घकाळ मौन पाळायचे, अशी परंपरा सांगितली जाते. झोपण्यापूर्वी दिवसभराचा हिशेब घ्यायचा, हाही त्यातलाच नेम. काय चुकले, काय केले आणि करायचे काय राहिले, हे स्वतःलाच विचारायचे. एकादशी पाळणाऱ्या किंवा माळ घातलेल्या घरात वाढलेल्या वाचकाला यातले फारसे काही परके वाटणार नाही.

सॉक्रेटिसवर खटला देवाधर्मावरून झाला?

हो, निदान आरोपपत्रात तसेच होते. इ.स.पू. ३९९ मध्ये सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसवर दोन आरोप ठेवले गेले. नगराचे देव तो मानत नाही, हा एक. तो तरुणांना बिघडवतो, हा दुसरा. त्याला विष पिऊन मरण्याची शिक्षा झाली.

प्रत्यक्षात सॉक्रेटिस नास्तिक नव्हता. चुकीचे पाऊल पडत असेल तर आपल्याला एक दैवी संकेत अडवतो, असे तो सांगे. पण त्याने विचारलेला एक प्रश्न अजूनही कोणत्याही धर्माच्या माणसाला अडवतो. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात एक माणूस स्वतःच्या वडिलांवर खटला भरायला निघाला आहे आणि हे धर्माचेच काम आहे, याची त्याला खात्री आहे. सॉक्रेटिस त्याला विचारतो, की एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून चांगली, की ती चांगली असते म्हणून देवांना आवडते?

पहिला पर्याय घेतला तर चांगुलपणा देवाच्या मर्जीवर ठरतो. दुसरा घेतला तर चांगले-वाईट ओळखण्याची जबाबदारी माणसावर येते. युथिफ्रो उत्तर न देता घाईचे कारण सांगून निघून जातो.

देवांबद्दल शाळांचे एकमत होते का?

मुळीच नाही. एपिक्युरसच्या मते देव आहेत, पण ते पूर्ण समाधानी आहेत, त्यामुळे माणसाला शिक्षा करण्यात त्यांना रस नाही. माणूस दोन भीतींनी पोखरला जातो, देवाच्या कोपाची आणि मरणाची. मरणानंतर सुखदुःख जाणवणारे कोणी उरतच नाही, तर भ्यायचे कशाला, असा त्याचा युक्तिवाद. त्याचे नाव पुढे चैनीशी जोडले गेले. बागेतले जेवण मात्र भाकर आणि पाणी असे साधेच असे. कधी जरा मेजवानी करावीशी वाटली तर चीजचे छोटे भांडे पाठव, असे त्याने मित्राला कळवले होते. त्या बागेत स्त्रिया आणि गुलामही शिष्य म्हणून येत. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

स्टोइकांचे म्हणणे याच्या उलट. सारे विश्व एका दैवी विवेकाने चालते आणि त्याच विवेकाचा अंश प्रत्येक माणसात आहे. म्हणून राजा आणि गुलाम एकाच विश्वनगरीचे नागरिक. क्लिअँथिस या स्टोइक तत्त्वज्ञाने तर झ्यूस देवाचे स्तोत्र रचले. सम्राट मार्कस ऑरेलियस (कारकीर्द इ.स. १६१ ते १८०) याच्या खासगी टिपणांचा पहिला भाग म्हणजे आभारांची यादी आहे. आजोबा, आई, गुरू आणि शेवटी देव यांच्याकडून काय मिळाले, हे त्यात नोंदवलेले आहे. रीलमध्ये ही यादी सहसा येत नाही.

सद्गुण असला की माणूस सुखी, बाकी काही लागत नाही, हे मत स्टोइकांचे. अॅरिस्टॉटलला ते पटले नसते. सद्गुण सवयीने अंगी बाणतो, पण चांगल्या जगण्याला मित्र, थोडीफार साधने आणि नशिबाची साथही लागते, असे तो मानत असे.

अमळनेरच्या संस्थेत काय चाले?

तत्त्वज्ञान मंदिराचा मुख्य विषय शंकराचार्यांचे अद्वैत वेदान्त हा होता, पण त्याची पाश्चात्त्य विचाराशी सांगडही घातली जाई. निवडक अभ्यासकांना शिष्यवृत्ती देऊन तिथे ठेवून घेतले जाई. घनशामदास मलकानी यांनी संस्थेची धुरा दीर्घकाळ वाहिली. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ १९३०च्या दशकात तिथे होते. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून लिहिलेला ‘अज्ञान’ हा इंग्रजी ग्रंथ १९३३चा. अज्ञान म्हणजे काय, यावर तिघांची मते वेगळी आणि ती एकाच पुस्तकात शेजारी छापलेली. बोरी नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावातून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे नियतकालिक निघत असे. मतभेद असतानाही एकत्र राहून वाद घालण्याची ही रीत अकादमीच्या जवळची होती.

साने गुरुजी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी याच संस्थेत आले होते. १९२४ मध्ये ते अमळनेरच्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांच्या खोल्या झाडणे आणि अंथरुणे आवरणे ते स्वतः करत. न बोलता दिलेला तो नीतीचा धडा होता. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले.

धुळ्याच्या तुरुंगात काय घडले?

२१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक, अशी गीतेच्या १८ अध्यायांवर विनोबांची १८ प्रवचने झाली. श्रोते होते राजकीय कैदी. त्यांत जमनालाल बजाजही होते. साने गुरुजींनी ती टिपून घेतली नसती तर ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज हाती नसते.

हे ग्रीक परंपरेतही वारंवार घडले आहे. सॉक्रेटिसने स्वतः काही लिहिले नाही. प्लेटो आणि झेनोफन यांनी लिहिले. एपिक्टेटस जन्माने गुलाम. पुढे मुक्त होऊन तो निकोपोलिसमध्ये शिकवू लागला. त्याचे बोलणे एरियन या शिष्याने टिपले. खान्देशातले आणखी एक उदाहरण घराघरात माहीत आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी मुलगा सोपानदेव यांच्यामुळे कागदावर राहिली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. सांगणाऱ्याजवळ कोणी बसलेले असले, तरच असे विचार टिकतात.

स्टोइक आणि गीतेतील स्थितप्रज्ञ एकच का?

साम्य ठळक आहे. फळ हाती नाही, कर्म हाती आहे. सुखदुःखात मन डळमळू द्यायचे नाही. पण फरकही मोठा आहे. गीतेत पुनर्जन्म, मोक्ष आणि ईश्वरार्पण आहे. स्टोइकांच्या विचारात व्यक्तीच्या मोक्षाची अशी कल्पना नाही. दोघांना एका मापाने मोजले की दोघांचेही नुकसान होते.

एक गैरसमज मात्र दोघांच्याही वाट्याला येतो. ‘शांत राहा’ म्हणजे ‘सोसत राहा’, असा सोयीचा अर्थ लावला जातो. न्याय हा स्टोइकांच्या चार मुख्य सद्गुणांपैकी एक होता, हे तेव्हा विसरले जाते. धुळ्यात गीता सांगणारे आणि ऐकणारे तर अन्यायाविरुद्ध उभे राहिल्यामुळेच कैदेत होते.

मग आजच्या वाचकाने यातून काय घ्यावे?

जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादकाचे उदाहरण घेऊ. वादळाने उभी बाग आडवी झाली. वारा त्याच्या हातात नव्हता, हे स्टोइक सांगतील आणि ते खरे आहे. पण पंचनामा करून घेणे, विम्याचा दावा मुदतीत दाखल करणे आणि शेजाऱ्याची बाग सावरायला जाणे त्याच्या हातात आहे, हेही तेच सांगतील. नुकसान झालेल्याला दुःख होणारच, ही गोष्ट अॅरिस्टॉटल नाकारणार नाही. अशा वेळी मित्रच उपयोगी पडतात, हे एपिक्युरस सांगेल. आणि ‘देवाची मर्जी’ म्हणून कोणी हात झटकू लागला, तर सॉक्रेटिस त्याला युथिफ्रोचा प्रश्न विचारेल.

सम्राट जस्टिनियनच्या इ.स. ५२९ मधील बंदीनंतर अथेन्समधील तत्त्वज्ञानाचे अध्यापन थांबले. वचने उरली आणि आता ती मोबाइलपर्यंत पोहोचली. त्यांचा उपयोग करून पाहायचा असेल तर सर्वांत सोपा नेम पायथागोरसच्या मंडळाचाच आहे. रात्री फोन बाजूला ठेवून दिवसाचा हिशेब घ्यायचा. त्याला दोन मिनिटे पुरतात.