सायकलस्वाराचे बलवर्धन : बलार्ध, अभ्यास आणि आत्मविश्वास

पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर यांसारख्या शहरांत लांब पल्ल्याच्या हौशी सायकलिंगची आवड आता चांगलीच रुजली आहे. पूर्वी सायकल हे केवळ गरजेचे वाहन होते. आज चाळिशी-पन्नाशीतील नोकरदार, व्यापारी, शिक्षक आणि डॉक्टर पहाटे उठून पन्नास-साठ किलोमीटरची फेरी करून कामावर जातात. यांतील अनेकांचे उद्दिष्ट ‘ब्रेव्हे’ हे असते. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत, बाहेरील मदतीवाचून पूर्ण करावयाचे असते. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास अशी तिची कालमर्यादा आहे. या छंदात वैद्यक व्यवसायातील मंडळीही मागे नाहीत. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आरपार ओलांडणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत जोडीने पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली.

अशा सायकलस्वारांपैकी बरेच जण आपल्या चिकित्सालयात आणि औषधी दुकानात येतात. त्यांची मागणी बहुधा एकच असते : “वैद्यराज, स्टॅमिना वाढेल असे काहीतरी द्या.” या मागणीस काय उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आमचे मत प्रारंभीच सांगतो. सायकलस्वाराचे बल औषधाच्या डबीत नसून मर्यादा ओळखून नित्य केलेल्या अभ्यासात आहे, आणि ती मर्यादा ओळखावयास शिकविणे हेच वैद्याचे पहिले काम आहे.

व्यायामाची मर्यादा

व्यायामाने शरीरास लाघव येते, कर्मसामर्थ्य व स्थैर्य वाढते, क्लेश सहन करण्याची शक्ती येते आणि अग्नी प्रदीप्त होतो, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. त्याच ठिकाणी अतिव्यायामाचे दोषही सांगितले आहेत : श्रम, क्लम, धातुक्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर आणि छर्दी. स्वतःच्या शक्तीबाहेर साहस करणाऱ्यास हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे, तीही वैद्यांना परिचित आहे. सिंह बलवान असतो, तरीही तो नाश पावतो. अर्थात हा इशारा दुर्बलांपेक्षा बलवानांसाठीच अधिक आहे.

बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या व्यक्तीनेही शीतकाळात आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, असा वाग्भटांचा दंडक आहे. हे बलार्ध ओळखावे कसे? हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे, हे सुश्रुतसंहितेतील लक्षण होय. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे आणि तोंड कोरडे पडणे ही लक्षणेही सांगितली जातात.

आजचे क्रीडाप्रशिक्षक जवळपास याच स्वरूपाची परीक्षा सांगतात. सायकल चालविताना पूर्ण वाक्य सहज बोलता आले, तर वेग योग्य आहे. दोन-तीन शब्दांनंतर दम लागत असेल, तर वेग अधिक झाला आहे. या दोन परीक्षा तंतोतंत एकच आहेत, असा आमचा दावा नाही. परंतु रुग्णास समजावून सांगण्यासाठी त्या एकमेकींस पूरक आहेत. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

बल वाढते कसे

मध्यम वेगाने दीर्घकाळ सायकल चालविल्यास हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींमधील ऊर्जानिर्मितीची केंद्रे वाढतात. त्यामुळे शरीर मेदाचा इंधन म्हणून अधिक वापर करू लागते. शरीरात साठविलेली शर्करा सुमारे ४०० ते ५०० ग्रॅमच असते. जोराने सायकल हाकल्यास ती दीड-दोन तासांत संपत येते. मेदाचा साठा मात्र कृश माणसाजवळही पुष्कळ असतो. सावकाश, लांब फेऱ्यांचे महत्त्व यातच आहे. रोजची फेरी धापा टाकत करणारा स्वार थकतो खूप, पण दीर्घ पल्ल्याचे बल त्या प्रमाणात कमावत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, बल सायकलवर वाढत नाही. ते विश्रांतीत वाढते. व्यायामाने झालेली झीज निद्रा व आहार यांनी भरून निघते आणि त्या भरण्यातच थोडी अधिक शक्ती जमा होते. सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जलद असणे, निद्रानाश, अरुची, चिडचिड आणि वारंवार प्रतिश्याय ही अतिव्यायामाची सूचक लक्षणे होत. अशा स्वारास रसायन देण्यापूर्वी चार-पाच दिवसांची पूर्ण विश्रांती द्यावी.

सोळा आठवड्यांचा क्रम

समजा, बेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ रोज २० ते २५ किलोमीटर सायकल चालवितो आणि जानेवारीत २०० किलोमीटरची ब्रेव्हे करू इच्छितो. त्याने सप्टेंबरमध्ये आरंभ करावा. हितकर गोष्ट अंगी बाणविताना पादांशाने, म्हणजे टप्प्याटप्प्याने पुढे जावे, हे चरकाचार्यांचे तत्त्व येथे उपयोगी पडते. आठवड्यातून एक लांब फेरी, दोन किंवा तीन लहान फेऱ्या आणि किमान दोन दिवस विश्रांती, ही चौकट ठेवावी.

लांब फेरीचे अंतर पहिल्या तीन आठवड्यांत ४०, ५० व ६० किलोमीटर असावे आणि चौथ्या आठवड्यात ४५ वर उतरावे. पुढे ६५, ७५, ८५ व पुन्हा ६०. त्यानंतर ९५, १०५, १२० व विश्रांतीचे ८०. शेवटच्या चार आठवड्यांत १३०, १५०, १०० आणि ब्रेव्हेपूर्वीच्या आठवड्यात केवळ ४० किलोमीटर. जो १५० किलोमीटर शांतपणे, बोलता येईल अशा वेगाने करू शकतो, तो २०० पूर्ण करण्यास सिद्ध झाला असे समजावे. प्रत्येक चौथ्या आठवड्यातील घट हा आळस नसून योजनेचा भाग आहे, हे रुग्णास आवर्जून सांगावे. उत्साही स्वार नेमका हाच भाग गाळतात.

हा क्रम ऋतुचर्येशीही जुळतो. शरद सरून हेमंत व शिशिर येतात, तेव्हा शरीरबल उत्तम असते. ग्रीष्मात मात्र याच गृहस्थाने अंतर निम्म्यावर आणावे आणि ऊन चढण्यापूर्वी घरी परतावे.

आहार आणि जल

दोन तासांहून अधिक चालणाऱ्या फेरीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जाणे आवश्यक आहे. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात. खजूर, राजगिऱ्याची चिक्की, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, गूळपोळी ही आपली परिचित खाद्ये यासाठी उत्तम आहेत. भूक लागण्याची वाट पाहू नये. दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडे खावे. भरपेट जेवून लगेच सायकलवर बसणे मात्र टाळावे.

पाण्याविषयी दोन टोकाच्या चुका आढळतात. काही जण पाणीच पीत नाहीत. काही जण नुसते पाणी सतत पितात. दुसऱ्या प्रकारात रक्तातील सोडियम घटून भ्रम, छर्दी, शिरःशूल व क्वचित मूर्च्छा येऊ शकते. तहान हा मुख्य मार्गदर्शक मानावा. दीर्घ फेरीत लिंबू, मीठ व साखर घातलेले पाणी किंवा जलसंजीवनी जवळ ठेवावी. फेरीनंतर मुगाची खिचडी व तूप, किंवा पचत असल्यास दूध-भात द्यावा. घाम निथळून शरीर शांत झाल्यावरच स्नान करावे.

सायकल आणि शरीर यांचा मेळ

गुडघेदुखीच्या सायकलस्वारास तेल व गुग्गुळ देण्यापूर्वी त्याच्या सीटची उंची विचारावी. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवली आणि पेडल सर्वांत खाली नेले, तर पाय सरळ झाला पाहिजे. चवडा पेडलवर ठेवल्यावर मग गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघ्याच्या पुढील बाजूस वेदना असल्यास बहुधा सीट खाली असते किंवा स्वार जड गिअर ओढत असतो. मागील बाजूस वेदना असल्यास सीट फार वर असण्याचा संभव असतो. मिनिटास ८० ते ९० फेऱ्या होतील असा हलका गिअर वापरल्यास सांध्यांवरील ताण पुष्कळ कमी होतो.

करंगळी व अनामिकेस मुंग्या येणे हे हँडलवर तळहाताचा भार पडल्याचे लक्षण होय. हात वारंवार बदलावेत आणि हँडलची उंची तपासावी. बैठकीच्या जागी बधिरता आल्यास सीटचा कोन व रुंदी बदलणे हाच मुख्य उपाय आहे. घर्षणाने त्वचा सोलवटल्यास रात्री शतधौतघृत लावावे व जखम भरेपर्यंत सायकल बंद ठेवावी. विश्रांतीच्या दिवशी तिळतेलाचा अभ्यंग मांड्या, पोटऱ्या व कटिप्रदेशास विशेष सुखकर होतो.

आत्मविश्वास

अनेक स्वारांची शक्ती पुरेशी असते, पण मन कच खाते. “तुम्हाला जमेल” असे केवळ सांगून हे भय जात नाही. भय कशाचे आहे, हे आधी वेगळे करावे. मागून येणाऱ्या ट्रकचे भय, घाटातील उताराचे भय, पंक्चर झाल्यास एकटे पडण्याचे भय, रात्रीचे भय आणि शेवटी राहण्याची लाज, ही पाच निरनिराळी भये आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

पंक्चरचे भय घरीच जाते. चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव दहा वेळा अंगणात केला की रस्त्यावर हात थरथरत नाहीत. उताराचे भय लहान उतारावर जाते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून वेग कमी करावा आणि दृष्टी वळण जेथे संपते तेथे ठेवावी. वाहतुकीसाठी सरळ रेषेत चालविणे आणि तोल न जाता मागे वळून पाहणे, ही दोन कौशल्ये मोकळ्या मैदानात शिकावीत. रात्रीसाठी पुढे व मागे उत्तम दिवे आणि प्रकाश परावर्तित करणारे जाकीट अनिवार्य समजावे. पहिली रात्रफेरी परिचित रस्त्यावर, सोबत्यांसह करावी.

शेवटी राहण्याच्या लाजेवर हिशोब हे औषध आहे. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरपेक्षाही किंचित कमी सरासरी पुरते. ताशी २० च्या वेगाने चालविणाऱ्यास चहा, जेवण, पंक्चर यांसाठी तब्बल साडेतीन तास उरतात. ब्रेव्हेत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वेळेत पोहोचलेले सर्व समान. हे आकडे कागदावर लिहून दिले की स्वार इतरांचे मागील चाक गाठण्याचा नाद सोडतो, आणि मग बलार्धाची मर्यादाही त्याला पाळता येते. आत्मविश्वास म्हणजे बढाई नव्हे. पूर्वी पूर्ण केलेल्या अंतराची ती शरीरास राहिलेली स्मृती होय.

औषधे आणि औषधविक्रेत्यांची जबाबदारी

अश्वगंधेविषयी सर्वाधिक विचारणा होते. भारतातील निष्णात सायकलपटूंवर आठ आठवडे केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढल्याचे दिसून आले. हा अभ्यास लहान होता आणि निष्णात खेळाडूंवर होता, हे विसरू नये. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचे काही विरळ वृत्तांतही अलीकडे प्रसिद्ध झाले आहेत. यास्तव यकृतविकार व थायरॉइडचे औषध यांची चौकशी केल्यावाचून ती देऊ नये.

जो ग्राहक अधिकृत स्पर्धांत भाग घेतो, त्याच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. कुपीलूतील स्ट्रिक्निन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध सूचीत आहे. अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी यांसारखे कल्प त्यामुळे अशा खेळाडूस देऊ नयेत. सोमलतेतील एफेड्रिन स्पर्धाकाळात ठरावीक मर्यादेपलीकडे निषिद्ध आहे, आणि बलेच्या काही जातींतही त्याचा अंश आढळतो. विजयायुक्त कल्पांचेही तसेच. खेळाडूच्या शरीरात काय आढळले याचे उत्तर त्यालाच द्यावे लागते; “औषध आयुर्वेदिक होते” हा बचाव त्यास तारत नाही. लेबलावर पूर्ण घटकसूची नसलेली ‘शक्तिवर्धक’ चूर्णे आपल्या फळीवर मुळीच नसावीत. त्यांत स्टिरॉइडची भेसळ असण्याचा धोका असतो, आणि ग्राहकाला वाटणारी ‘तरतरी’ हा त्याचाच परिणाम असू शकतो.

कोणास थांबवावे

श्रमाने छातीत दडपण, जबडा वा डाव्या हातात वेदना, सायकलवर असताना चक्कर अथवा मूर्च्छा, नेहमीच्या चढावर अचानक वाढलेला दम, यांपैकी एकही लक्षण असल्यास त्या दिवसापासून सायकल बंद करून रुग्णास हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. घराण्यात कमी वयात अकस्मात मृत्यू झालेला असल्यास आणि चाळिशीनंतर मधुमेह, उच्च रक्तदाब वा धूम्रपान असल्यास दीर्घ पल्ल्यापूर्वीच तपासणी करवून घ्यावी. इन्सुलिन किंवा शर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णास वाटेत शर्करा अतिशय उतरण्याचा धोका असतो. त्याच्या औषधाच्या वेळा व मात्रा त्याच्या डॉक्टरांशी ठरवूनच त्याने निघावे. दीर्घ फेरीनंतर मूत्र गडद तपकिरी झाल्यास तो केवळ मूत्रदाह समजू नये. स्नायूंच्या विघटनाने वृक्कांवर आघात होत असण्याची शक्यता असते, म्हणून विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे.

ही लक्षणे सायकलस्वार लपवितात, याचे भान ठेवावे. नोंदणी झालेली असते, मित्रांत शब्द दिलेला असतो, माघार घेणे त्यांना कमीपणाचे वाटते. म्हणून “काही त्रास आहे का?” असे मोघम न विचारता प्रत्येक लक्षण नाव घेऊन विचारावे, आणि थांबण्याचा निर्णय त्याच्यावर न सोपविता आपण स्पष्ट शब्दांत द्यावा.

ब्रेव्हे पुढच्या वर्षीही असते. हे वाक्य वैद्याने अधिकाराने उच्चारले, तर पुष्कळ रुग्ण ते ऐकतात, असा आमचा अनुभव आहे. आमच्या वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी स्टॅमिनाचे औषध मागणाऱ्या पुढील सायकलस्वारास आधी तीन प्रश्न विचारावेत : आठवड्यात विश्रांती किती दिवस घेता, चालविताना बोलता येते का, आणि सीटची उंची शेवटची कधी तपासली? या तीन उत्तरांवरून बहुतेकांची चिकित्सा ठरते. औषधाचा विचार त्यानंतर करावा.