राजाच्या खर्चाचा हिशेब

ब्रिटनच्या राजघराण्यावर सरकारी तिजोरीतून किती खर्च व्हावा, हा वाद तेथे अधूनमधून उफाळून येतो. २०१२ पासून ही रक्कम ‘सॉव्हरिन ग्रँट’ या नावाने दिली जाते. तत्पूर्वी ‘सिव्हिल लिस्ट’ची पद्धत होती. या व्यवहाराचा पाया १७६० मध्ये घातला गेला. त्या वर्षी गादीवर आलेल्या तिसऱ्या जॉर्जने राजघराण्याच्या जमिनींचे वंशपरंपरागत उत्पन्न सरकारजमा केले आणि त्याबदल्यात संसदेने त्याला दरसाल ८ लाख पौंडांची नेमणूक करून दिली.

ही केवळ राजवाड्याच्या खर्चाची रक्कम नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. न्यायाधीशांचे व वकिलातींचे पगार, मर्जीतल्या माणसांची पेन्शने, दरबारातील बिनकामाच्या मानाच्या जागा हे सारे याच थैलीतून चाले. यांतील अनेक जागा संसद सदस्यांकडेच असत. साहजिकच मतदानाच्या वेळी त्यांचे डोळे राजाच्या चेहऱ्याकडे लागलेले असत. राजाच्या मुदपाकखान्यात मांस भाजण्याची नोकरी कागदोपत्री एका संसद सदस्याच्या नावावर असल्याचे एडमंड बर्कने भर सभागृहात सांगितले होते. एवढे करूनही थैली पुरत नसे. १७६९ मध्ये पाच लाखांहून अधिक आणि १७७७ मध्ये सहा लाखांहून अधिक पौंडांचे राजाचे कर्ज संसदेला फेडावे लागले आणि नेमणूकही ९ लाखांवर न्यावी लागली.

अमेरिकेतील युद्ध अंगाशी येऊ लागले तसा करदात्यांचा संयम सुटला. ६ एप्रिल १७८० रोजी राजसत्तेचा वाढता प्रभाव कमी झाला पाहिजे, असा जॉन डनिंगचा ठराव हाऊस ऑफ कॉमन्सने २३३ विरुद्ध २१५ मतांनी संमत केला. राजाच्या हयातीत त्याच्याच संसदेने असे म्हणणे ही सामान्य गोष्ट नव्हती. मार्च १७८२ मध्ये लॉर्ड नॉर्थचे मंत्रिमंडळ कोसळले आणि सत्तेवर आलेल्या व्हिग सरकारने बर्कचा कायदा मंजूर करून घेतला. सव्वाशेहून अधिक पदे रद्द झाली, पेन्शनांवर मर्यादा आली. सरकारी कंत्राटदारांना संसदेचे दार बंद झाले आणि जकात-अबकारीच्या नोकरांचा मताधिकार गेला. बचत फारशी झाली नाही, हे खरे. पण राजाची थैली उघडून पाहण्याचा हक्क संसदेने बजावला, हे त्याहून मोठे होते.

या व्हिगांचा म्होरक्या चार्ल्स जेम्स फॉक्स. त्याच्या वडिलांनी सैन्याचे पेमास्टर असताना सरकारी रकमा आपल्याकडे ठेवून अमाप संपत्ती केली होती. मुलाने त्यातील बरीचशी जुगारात घालवली, हा भाग वेगळा!

पुढच्याच वर्षी राजाने डाव उलटवला. मराठे आणि हैदरअली यांच्याशी झालेल्या युद्धांनी कर्जबाजारी झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संसदेने नेमलेल्या आयुक्तांकडे सोपवणारे विधेयक फॉक्सने कॉमन्समध्ये मंजूर करून घेतले. कंपनीतील नेमणुकांची सारी मलई फॉक्सच्या गोटाकडे जाईल, असा विरोधकांचा आक्षेप होता आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. विधेयकाच्या बाजूने मत देणाऱ्याला आपण शत्रू समजू, असा निरोप राजाने लॉर्ड टेंपलमार्फत उमरावांना धाडला. १७ डिसेंबर १७८३ रोजी लॉर्ड्सनी विधेयक फेटाळले, दुसऱ्या दिवशी रात्री मंत्र्यांना पदच्युत केले गेले आणि १९ तारखेला २४ वर्षांचा विल्यम पिट पंतप्रधान झाला. पदे छाटली, तरी राजाचा शब्द छाटला गेला नव्हता.

पिट मात्र राजाच्या हातचे बाहुले ठरला नाही. जानेवारी १७८४ मध्ये वर्षाला ३ हजार पौंडांची एक बिनकामाची जागा रिकामी झाली. ती तो स्वतःच घेईल, असे साऱ्यांनी गृहीत धरले होते. त्याने ती कर्नल बारे यांना दिली. अट एकच, सरकारकडून मिळणारे ३,२०० पौंडांचे पेन्शन त्यांनी सोडावे. कॉमन्समध्ये बहुमत नसलेल्या या तरुणाची प्रतिमा या एका कृतीने उजळली. त्याच वसंतात झालेल्या निवडणुकीत त्याला भरघोस बहुमत मिळाले.

तिजोरीची अवस्था बिकट होती. राष्ट्रीय कर्ज २४ कोटी पौंडांच्या घरात गेले होते आणि महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग व्याजात जात होता. पिटने आरंभ चहापासून केला. चहावर ११९ टक्के कर असल्याने देशात चोरट्या चहाचा सुळसुळाट होता. १७८४ मध्ये त्याने कर साडेबारा टक्क्यांवर आणला आणि तूट भरून काढण्यासाठी घरांवरील खिडकीपट्टी वाढवली. खिडक्या लपवून नेता येत नाहीत! चोरट्या व्यापारातील नफाच संपला आणि कायदेशीर चहाची विक्री दुपटीहून अधिक झाली. १७८६ मध्ये दरसाल १० लाख पौंडांचा कर्जफेड निधी उभा राहिला. दुसऱ्या वर्षी जकातींचे जंजाळ एका कायद्याने सुटसुटीत केले गेले. बिनकामाच्या जागांवर पिटने घाव घातला नाही. जागा धरून बसलेला मनुष्य मरेपर्यंत तो थांबे, आणि मग ती जागा भरत नसे.

मतदारसंघांच्या प्रश्नावर मात्र ही सबुरी उपयोगी पडली नाही. मूठभर मतदारांचे ३६ मतदारसंघ नुकसानभरपाई देऊन रद्द करण्याची त्याची योजना १८ एप्रिल १७८५ रोजी २४८ विरुद्ध १७४ मतांनी फेटाळली गेली. ज्यांची मते हवी होती, त्यांतले कित्येक त्याच जुन्या व्यवस्थेतून निवडून आलेले होते. पिटने पुन्हा तो प्रस्ताव आणला नाही.

१७८८ च्या शरद ऋतूत राजाला बुद्धिभ्रंश झाला आणि भूमिकांची विलक्षण अदलाबदल झाली. युवराज फॉक्सचा मित्र. तेव्हा राजप्रतिनिधी होण्याचा युवराजाला जन्मसिद्ध हक्क आहे, असे राजसत्तेचा आजन्म विरोधक फॉक्स सांगू लागला. राजाने बसवलेला पिट म्हणाला, हा अधिकार संसदेचा. मर्यादाही तीच घालील. तसे विधेयक कॉमन्समध्ये मंजूर होऊन लॉर्ड्सपुढे असतानाच, फेब्रुवारी १७८९ मध्ये राजा बरा झाला. फॉक्सला पुन्हा मंत्रिपद मिळाले ते १८०६ मध्ये, पिटच्या मृत्यूनंतर.