दूर बसून एकच गाणे

मुलांनो, समजा पुसेगावात एकाने तबला वाजवला, हिंगोलीत दुसऱ्याने बासरी वाजवली आणि मुंबईत तिसरीने गाणे म्हटले. तिघे एकमेकांना भेटले नाहीत, तरी एकच सुरेल गाणे तयार झाले. असे होऊ शकेल काय? होय, आज हे सहज शक्य आहे. ते कसे, हे आपण पाहू.

पूर्वी असे नव्हते. ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट १९३१ साली मुंबईत प्रदर्शित झाला. त्यात वझीर मोहम्मद खान यांनी फकिराच्या भूमिकेत गाणे म्हटले. त्या काळी चित्रीकरण आणि गाण्याचे मुद्रण एकाच वेळी होई. वादकांना कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा जागी लपून वाजवावे लागे. एकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा सुरुवात करावी लागे.

पुढे अमेरिकेतील गिटारवादक लेस पॉल यांनी आवाजावर आवाज चढवण्याची रीत लोकप्रिय केली. या रीतीत प्रत्येक आवाज वेगळा साठवतात. अशा एका आवाजाला ‘ट्रॅक’ म्हणतात. एका पारदर्शक कागदावर नदी, दुसऱ्यावर झाडे आणि तिसऱ्यावर घरे काढा. तिन्ही कागद एकावर एक ठेवा. एकच चित्र दिसेल! ट्रॅकचेही तसेच आहे. एक कागद बिघडला, तर तेवढाच बदलता येतो.

तुम्ही विचाराल, इंटरनेटवरून सर्वांनी एकाच वेळी का गाऊ नये? शाळेच्या मैदानावरील प्रार्थना आठवा. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून ३४ मीटर मागे उभ्या असलेल्या मुलाला पुढचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो आणि ताल चुकतो. इंटरनेटवरही असाच उशीर होतो. शिवाय तो कधी कमी, कधी जास्त असतो.

म्हणून वेगळा उपाय करतात. प्रथम एकजण ठरावीक लयीचा ठेका मुद्रित करून सर्वांना पाठवतो. प्रत्येकजण तो हेडफोनने ऐकतो आणि आपला भाग मुद्रित करतो. हेडफोन नसेल, तर ठेक्याचा आवाज मुद्रणात शिरतो. प्रत्येकाने फक्त आपला ट्रॅक परत पाठवायचा. सीडीच्या दर्जाच्या एका आवाजाला मिनिटाला सुमारे ५ एमबी जागा लागते. शेवटी एकजण सर्व ट्रॅकची सुरुवात जुळवतो आणि आवाज कमी-जास्त करून गाणे पूर्ण करतो.

२०२० साली कोरोनामुळे सारे घरात अडकले होते. तेव्हा दोनशेहून अधिक भारतीय गायकांनी आपापल्या घरी गाऊन ‘जयतु जयतु भारतम्’ हे गीत सादर केले. आशा भोसले आणि शंकर महादेवन यांचाही त्यात सहभाग होता.

मुलांनो, आता खेड्यातील गोड गळ्याला मुंबईच्या भाड्याची वाट पाहण्याची गरज नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. साथीदार समोर नसला, तरी त्याचा सूर लक्ष देऊन ऐका. आणि गाणे तयार झाल्यावर, ज्याने एकच ठोका वाजवला असेल त्याचेही नाव लिहा. कारण न दिसणाऱ्या साथीदाराचा हक्क विसरणे फार सोपे असते.