कमी गळणाऱ्या केसांचा पूडल

पूडल कुत्र्याचे केस फारसे गळत नाहीत, म्हणून फ्लॅटमधली मंडळी त्याच्यावर खूश असतात. पण हे केस वाढतच राहतात आणि आतल्या आत गुंततात. वरवर ब्रश फिरवून भागत नाही. केस बाजूला करत कंगवा थेट कातडीपर्यंत न्यावा लागतो. काखेत आणि कानामागे गुंता आधी होतो. चार ते सहा आठवड्यांनी कात्री हवीच. लोंबत्या कानांत ओल राहते, त्यामुळे अंघोळीनंतर ते नीट कोरडे करा. वास येऊ लागला तर डॉक्टर गाठा.

टॉय पूडलच्या पिल्लाला दिवसातून तीन-चारदा थोडंथोडं खायला द्या. उपाशी राहिलं की रक्तातली साखर झपकन उतरते. कांदा-लसूण घातलेली आमटी, चॉकलेट वर्ज्य. शिऱ्यातले बेदाणेही, आजीने कितीही प्रेमाने भरवले तरी.